ताटात उरलेलं

माझं ऑपरेशन वजन उतरवण्याचं होतं, पण ते मी करून घेतलं सुजेपायी. हे कुणाला सांगून पटत नाही. बाईला बारीक व्हायची हौस आली, असंच सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि मीही पुढे पुढे समजवायचा नाद सोडला.

शहापूरजवळच्या एका शाळेत मी शिकवते. सकाळी उठले की हाताची मूठ वळायची नाही. खडू बोटांतून निसटायचा आणि पहिलीतली पोरं तो उचलून द्यायला एकमेकांवर पडायची. गुडघ्यांना हात लावला तर गरम लागायचे. रक्त तपासलं की सूज आहे असंच निघायचं, पण कुठे जखम नाही, ताप नाही, कसला संसर्ग नाही. औषधं घेतली की महिनाभर बरं वाटायचं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरांनी नीट समजावलं. पोटात साठलेली चरबी गप्प बसत नाही, म्हणाले. ती रक्तात सूज वाढवणारी द्रव्यं सोडत राहते, वर्षानुवर्षं, थोडी थोडी. सांध्यांवर वजनाचा भार असतो तो वेगळाच. जठर लहान केलं, चरबी उतरली, तर ही सूजही उतरेल असं त्यांना वाटत होतं. खात्री मात्र त्यांनी दिली नाही आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

हे सगळं मी गावी जाऊन आईला सांगितलं. धसईच्या पुढे आमचं गाव, तिथे आई भाऊ-वहिनीबरोबर राहायची. माझं शरीर तिचंच. तीच बोटं, तेच गुडघे, तोच कमरेचा घेर. आपल्या घरातल्या बायकांचे हात असेच, म्हणत तिने वाताचं तेल चोळून सगळा जन्म काढला होता. तिने माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. भाताचं रोप टाकण्याआधी आमच्याकडे शेताच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा पसरून वर माती टाकतात आणि तो राब भाजतात. वरून माती असल्यामुळे भडका उडत नाही, आत मात्र धुमसत राहतं. आई म्हणाली, "मंग राबच की गो ह्यो. जाळ दिसत नाय, पन आतनं भाजतोय." डॉक्टरांनी चित्रं काढून मला जे सांगितलं, ते तिला असं एका वाक्यात कळलं.

ऑपरेशन झालं. पहिले काही महिने वाईट गेले, ते लपवत नाही. केस मुठीने गळले, गोळ्या जन्माच्या मागे लागल्या, दोन घास जास्त झाले की छातीशी येऊन बसायचे. गावातल्या बायका आईला बाजूला घेऊन, लेकीला काय दुखणं लागलं म्हणून दबक्या आवाजात विचारायच्या. पण सूज उतरत गेली. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर हसले. एक दिवस फळाभर लिहून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की खडू एकदाही पडला नव्हता. पोरं हिरमुसली असतील.

त्यानंतर गावी गेले तेव्हा आईने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि माझी मूठ उघडझाप करून पाहिली. पुन्हा पुन्हा पाहिली. तिच्या डोळ्यांत आनंद होता आणि आणखीही काही होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

भांडण व्हायचं ते ताटावरून. मला वाटीभर भात पुरायचा, अर्धी भाकरी म्हणजे डोक्यावरून पाणी. पण माहेरी आलेल्या लेकीला भरलं ताट वाढायचं, ही आमच्याकडची रीत. लेकीला मोजून वाढलं तर लोक म्हणतील हिचं माहेर आटलं, असं आईचं म्हणणं. भाताचा डोंगर, वालाचं बिरडं, तांदळाच्या दोन भाकऱ्या. मी चार घास खाऊन हात थांबवला की ती माझं ताट स्वतःकडे ओढायची आणि संपवायची. अन्न टाकणं तिला माहीतच नव्हतं. आम्ही लहान असल्यापासून आमचं उष्टं तिनेच खाल्लं होतं. तिचं स्वतःचं जेवण तर आधीच झालेलं असायचं.

मी चिडायचे. माझ्या अंगावरून जे उतरतंय ते तू अंगावर घेतेस, असंसुद्धा एकदा बोलले. ती हसली, आणि मग बोटांकडे बघत तिने विचारलं, "माजं बी करतील का गो तसं?"

सगळ्या आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेलं मला एवढंच आठवतं. तिला मूठ वळायला हवी होती. भाकरी थापायची होती, रोपाची जुडी बांधायची होती. मी तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. हृदय फार थकलेलं निघालं, भूल झेपणार नाही म्हणाले. औषधं, कमी जेवण, कमी मीठ, एवढंच हातात होतं.

तिला बाहेर बसवलं होतं, त्यामुळे सांगायचं काम माझ्यावर आलं. मुरबाडच्या स्टँडवर चहा घेताना सांगितलं. तिने कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी धरल्याशिवाय तिला तो उचलता येत नसे. धसईची गाडी लागली का ते वाकून बघितलं. मग म्हणाली, "ऱ्हावदे. माजं बी पोट बारीक केलं तर तुजं ताट कोन सपवील?"

मला रडू आलं आणि रागही आला. तिची समजूत घालायला मी आले होते आणि घातली तिने माझी.

वहिनी तिला मापात वाढायची, तीही मुकाट्याने खायची. पण मी गेले की भरलं ताट ठरलेलं. जाऊच नये असं दर वेळी मनात यायचं आणि दर वेळी मी जायचे. आई दारात उभी असायची, मी काय करणार होते? पुढे तिचे पायही सुजले. नंतर श्वास लागायला लागला. त्या वर्षीचा राब भाऊ एकटा भाजायला गेला, तेव्हा आई नव्हती.

तिचं दिवसकार्य झाल्यानंतर मी पहिल्यांदा माहेरी गेले. वहिनीने ताट आणलं. वाटीभर भात, अर्धी भाकरी, थोडं बिरडं. माझ्या मापाचं, अगदी बरोबर. तिने काळजीनेच वाढलं होतं. मी हळूहळू सगळं संपवलं, शीतही मागे राहिलं नाही. नंतर त्या रिकाम्या ताटापुढे मी तशीच बसून राहिले, कुणीतरी ते ओढून घेईल म्हणून.