कादंबरीतले भेकड शेजारी

मंडळी, राहवत नाही म्हणून लिहितेय.

आमच्या वारज्यातल्या सोसायटीचा वाचनकट्टा आज सकाळी वरच्या मजल्यावरच्या एका जोडप्याकडे होता. दोघंही आयटीतले. चर्चेला एक जुनी, गाजलेली कादंबरी होती. तिच्यातला नवरा बायकोला मारतो आणि शेजारी तिचं रडणं ऐकून खिडक्या लावून घेतात.

त्या शेजाऱ्यांना आम्ही मनसोक्त झोडपलं. "भेकड मेले," असं सगळ्यात मोठ्याने मीच म्हणाले.

मग त्या घरचे यजमान म्हणाले, "मला तो नवरा समजतो. दिवसभर बाहेर दबलेला माणूस आहे. आतून हळवा आहे हो."

त्यांची बायको चहाचे कप गोळा करत होती. ती शांतपणे म्हणाली, "हळवा? तो चेहरा सोडून मारतो. सकाळी वळ कोणाला दिसायला नकोत म्हणून."

"अहो वहिनी, पण हे पुस्तकात कुठे आहे?" एका विद्वानाने पानं चाळत विचारलं.

तेवढ्यात यजमानांनी हातातला कप फेकला. तिच्या कपाळावर फुटला. रक्त तिच्या डोळ्यात ओघळलं.

सगळे उठले. मला वाटलं, त्याला धरायला. नाही हो, चपला शोधायला!

मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात आणलंय. आत टाके घालतायत. आत्ताच कट्ट्याच्या ग्रुपवर मेसेज आला, "आजची चर्चा छान रंगली. पुढच्या रविवारी कोणतं पुस्तक घ्यायचं?"

सांगा, काय उत्तर देऊ यांना?