पेंटरने हात सोडले तेव्हा

तिने पेंटरला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं तर पेंटर दिसलाच नाही. दिसली ती एक लांबलचक पाटी, तिच्यावरून डोकावणारे दोन डोळे आणि खाली गरगर फिरणारे पाय. पाटी नुकतीच रंगवलेली, ओली. कॅरियरला बांधली असती तर अक्षरं पुसली असती, म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी कडांना धरून छातीसमोर घेतली होती आणि सायकलचं हँडल चक्क मोकळं सोडून दिलं होतं. कापडाच्या दुकानाशी वळण आलं. तो कमरेत जरासा कलला आणि सायकल निमूट वळली.

"हा पडत कसा नाही?" तिने मैत्रिणीला विचारलं.

"पेंटर होय? त्याला पडायला सवड कुठंय," मैत्रीण म्हणाली.

पुढे त्याच्याशीच तिचं लग्न ठरलं. घरचे त्याच्या धंद्याची चौकशी करत होते, तर हिच्या डोक्यात भलतंच. संधी मिळताच तिने विचारून टाकलं, "हात सोडल्यावर भीती नाही वाटत?"

"वाटते ना," तो म्हणाला. "पण रंगाला बोट लागेल याची जास्त वाटते."

दोन खोल्यांचा संसार. पुढच्या खोलीत रंगाचे डबे, टर्पेंटाइनचा वास आणि भिंतीला टेकून वाळत उभ्या केलेल्या पाट्या. पाहुणा आला तर त्याला अंग चोरूनच आत यावं लागे. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर लावायच्या मशीनवर बसायची. गावात अर्ध्याअधिक दुकानांवर नवऱ्याची अक्षरं होती, त्यामुळे कामावर जाता-येता तिला नवरा ठायी ठायी भेटायचा.

पन्नाशी ओलांडली आणि त्याच्या हातांना कंप सुटला. आधी कपबशी किणकिणायला लागली. मग ब्रश. त्याने दोष ब्रशच्या केसांना दिला, मग स्टुलाला, मग चष्म्याला. एका औषधाच्या दुकानाच्या पाटीवर अक्षराची गोलाई वेडीवाकडी उतरली. दुकानदार भला माणूस, काहीच बोलला नाही. पण ते न बोलणंच पेंटरच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन त्याने ब्रश धुतले, कापडात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले.

डॉक्टर म्हणाले, हे नसांचं दुखणं. गोळ्यांनी आटोक्यात राहील, मुळापासून जाणार नाही. सायकलही हातची गेली. हँडल धरलं की हातांची थरथर पुढच्या चाकात उतरायची. एकदा तो भिंतीवर जाऊन आदळला, कोपर सोलवटून घेतलं. तेव्हापासून तिने सायकलची किल्ली आपल्या शिवणाच्या डब्यात लपवून ठेवली. तो खिडकीशी बसून राहू लागला. बोलणं हो-नाहीवर आलं.

एका सुट्टीच्या सकाळी ती बाजारातून आली तर दार नुसतं लोटलेलं, सायकल जागेवर नाही. शेजारीण म्हणाली, "तुमचे हे बंद गिरणीकडे गेले. सायकल हातात धरून चालत होते."

पिशवी शेजारणीच्या हातात कोंबून ती तशीच निघाली. गिरणीमागे लांबलचक सिमेंटचा रस्ता होता. ट्रक बंद झाल्यापासून तिथे कुणी फिरकत नसे. ती पोचली तेव्हा तो सीटवर चढतच होता. हँडल धरलं आणि पुढचं चाक इकडून तिकडे फडफडायला लागलं. ती हाक मारणार होती. पण हाकेने दचकून पडला तर? तिने पदर तोंडाशी दाबला.

सायकल अशीच हेलकावत थोडी पुढे गेली. मग त्याची पाठ ताठ झाली आणि त्याने दोन्ही हात उचलले.

चाक शांत झालं.

हात मांड्यांवर थरथरतच होते, लांबूनसुद्धा दिसत होतं. पण ती थरथर आता त्याच्या मनगटांपुरती उरली होती. सायकलला तिचा पत्ताही नव्हता. सायकल सरळ चालली होती. रस्त्याच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेला, कमरेत कलला, वळला. आपण रडतोय हे तिला गाल ओले लागले तेव्हा कळलं.

तिला बघून तो उतरला, ओशाळवाणा झाला. "बॉबिनांच्या खाली होती," म्हणत त्याने किल्ली पुढे केली.

"परत," ती म्हणाली.

"परतच देतोय ना."

"किल्ली नको हो. परत एकदा जाऊन या. मला बघू दे."

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. असे पेशंट असतात खरे, म्हणाले, पण असं का होतं ते नीट सांगता यायचं नाही. रहदारीत मात्र जाऊ नका.

हात काही सुधारले नाहीत. माळ्यावरचे ब्रश त्याने पाट्या रंगवायला शिकणाऱ्या एका मुलीला देऊन टाकले. त्या दिवशी तो जेवला नाही. पण दर सुट्टीला दोघं गिरणीमागे जाऊ लागली, आणि येताना तो पूर्वीसारखी थट्टा करू लागला.

मग एकदा तिने विचारलं, "मागे बसू?"

त्याने कॅरियर दाबून पाहिलं. मग म्हणाला, "बस. पण लोंबकळू नकोस."

ती कॅरियरवर बसली, सीटच्या स्प्रिंगा घट्ट धरल्या. त्याने हात सोडले. इतकी वर्षं तिला लांबून सरळ दिसलेली ती सायकल मुळात सरळ नव्हतीच. ती सारखी डावीकडे पडायला जात होती, उजवीकडे पडायला जात होती, आणि दर वेळी तो तिला कमरेने अलगद सावरून घेत होता. सगळं इतकं बारीक, की बसल्याशिवाय कळलंच नसतं.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"मी कुठे हलतेय?"

"श्वास घेतेस ना. तोही लागतो मला."

टाकी येईपर्यंत तिने श्वास जपून जपून घेतला.