पडायला लागणारा वेळ

झाडावर माणूस दिसला की चिमामावशी खाली उभी राहायची आणि तो उतरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायची. ओळख असो वा नसो. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते अशीच. मणक्याला मार लागून कमरेखालचं अंग गेलेल्या माणसांसाठी घोडेगावात आमचं एक छोटं केंद्र आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी तिथे नुकतीच लागले होते. समोरच्या चिंचेच्या फांद्या तारांना लागत होत्या म्हणून वायरमन वर चढला होता, आणि खाली हिरव्या लुगड्यातली एक वाळकी बाई मान वर करून त्याला विचारत होती,

"भाऊ, गाव कंचं तुमचं?"

"डिंभं."

"पोरंबाळं?"

"दोन हायेत. मावशी, बाजूला व्हा, फांदी पडंल."

"फांदी पडू द्या. थोरली मुलगी हाय का मुलगा?"

वायरमन वैतागला होता, पण उत्तरं देत राहिला. त्याचे पाय जमिनीला लागले तशी तिने बोलणं अर्ध्यावर सोडलं आणि सरळ आमच्या दारातून आत आली.

तिला केंद्राच्या डॉक्टरांनीच बोलावलं होतं. डोंगरातली माणसं उन्हाळ्याच्या तोंडाला हिरड्याच्या झाडांवर चढतात, फांद्या झोडपून फळं पाडतात, वाळवून विकतात. दर हंगामात कुणी ना कुणी पडतं. मावशीचा नवरा धोंडू असाच पडला आणि अकरा वर्षं अंथरुणावर राहून गेला. त्या अकरा वर्षांत त्याच्या पाठीला पडून राहून होतात तशी एकही जखम झाली नव्हती. मोठ्या दवाखान्यांतसुद्धा असं सहसा घडत नाही. म्हणून डॉक्टर म्हणाले, तू आमच्या पेशंटच्या घरच्यांना शिकव.

ती आठवड्यातून दोनदा डोंगरातून एसटीने उतरायची. शिकवणं म्हणजे काय, ती करायची आणि बाकीच्यांनी बघायचं. कूस कशी बदलायची, उशी कुठे सारायची, तेल किती कोमट हवं. "अंगाला इचारून करावं," हे तिचं नेहमीचं बोलणं. मी पुस्तकात शिकलेलं सांगायला लागले की शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरोबर हाय तुझं, पोरी. आता त्याच्या अंगाला इचार."

लांबून येणाऱ्या पेशंटना राहायला केंद्रात जागा नव्हती. आठ दिवस उपचार करून माणूस परत डोंगरात जायचा आणि महिन्याभराने जखमा घेऊन यायचा. एक मोठी खोली हवी होती. पुण्यातल्या एका कंपनीतल्या मंडळींनी त्यासाठी एक बेत सुचवला. परराज्यात एका धावपट्टीवर विमानातून पॅराशूट बांधून उड्या मारायला मिळतात. आपण दहाबारा जण जाऊ. प्रत्येकाने ओळखीच्यांकडून देणगीचा शब्द घ्यायचा. उडी झाली की पैसे केंद्राला. केंद्रातल्याही कुणी उडी मारली तर लोक जास्त देतील. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चारचौघांत हो म्हणून बसले.

मावशी शेजारच्या खाटेवर एका म्हाताऱ्याचे पाय चोळत होती. तिने हात थांबवला.

"म्हंजी वरून पडायचं, अन् लोक पैशे देणार?"

"तसंच काहीसं."

"आमच्याकडं तर फुकट पडत्यात," ती म्हणाली आणि पुन्हा पाय चोळायला लागली. म्हातारा खुदकन हसला. मलाही हसू आलं, पण ती हसत नव्हती. संध्याकाळी एसटीला जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली. "मी येते तिथं. नाव लिव माझं."

डॉक्टरांनी नको म्हटलं, मग तपासलं, मग पुण्याला पाठवून आणखी तपासून घेतलं. हृदय ठणठणीत, हाडं बरी, वजन जेमतेम चव्वेचाळीस किलो. अडचण निघाली ती मुलाची. पांडुरंग नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात कामाला होता. निघायच्या दिवशी तो सकाळीच घोडेगावच्या स्टँडवर येऊन उभा राहिला.

"आये, बापाचं झालं तेवढं बास न्हाई का?" तो म्हणाला. "तुलाबी काय झालं तर मी कुणाकडं बघू?"

"बापाचं झालं त्यासाठीच चालले," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"आल्यावर सांगते."

तो रागाने लाल झाला, पण गाडी लागल्यावर तिची पिशवी त्यानेच वर ठेवली आणि स्वतःही चढला. मंचरपर्यंत आमच्या मागच्या बाकावर गप्प बसून आला. उतरताना तिच्या हातात राजगिऱ्याच्या लाडवांचा पुडा दिला आणि वळूनही न बघता गेला.

त्या धावपट्टीवर आम्ही पोहोचलो तेव्हा ढग खाली उतरले होते. ते वर सरकल्याशिवाय विमान निघणार नव्हतं. सगळी सकाळ आम्ही गवतात बसून काढली. भोवती सपाट, पिवळट मुलूख. डोंगराची एक रेघसुद्धा नाही. ढगांची सावली यायची, आमच्या अंगावरून जायची, लांबच्या शेतावर जाऊन थांबायची. पुण्याची मंडळी फोटो काढून काढून दमली आणि टोप्या तोंडावर घेऊन झोपली. मावशी लुगड्याचा कासोटा घट्ट मारून, त्यावर त्यांनी दिलेला निळा डगलेवजा पोशाख चढवून बसली होती. त्यात ती एखाद्या शाळकरी मुलीसारखी दिसत होती.

"आमचे पडले तवा मी खालीच व्हते," ती अचानक म्हणाली. तिचे डोळे ढगांवर होते. "हिरडं येचत व्हते. मान वर केली तवर ते भुईवर. पापणी लवायच्या आत झालं सारं. पण ते म्हणायचे, लई येळ लागला. पडताना त्यांना म्हणं वाडी दिसली, धरणाचं पाणी दिसलं, मी दिसले. माझ्या डोक्यावरचा पदर दिसला. सावकाश खाली आलो, म्हणायचे, पान येतं तसं. कायबी वाटलं न्हाई. अकरा वर्सं हेच. मी म्हणायची, गप ऱ्हावा, खोटं बोलू नका. त्यावरनं आमची भांडणं व्हायची."

"खोटं कशाला बोलतील, मावशी?"

ती थोडा वेळ गवताची काडी सोलत राहिली.

"त्या फांदीला लई माल हाय, तिकडं सरका, हे मीच सांगितलं व्हतं. मला वाईट वाटू नये म्हून बोलत असतील. का खरंच तसं असतं? ते मेले, आता कुणाला इचारू?"

आमच्यावरून आणखी एक सावली सरकत गेली आणि मागे ऊन पडलं. कुणीतरी हाक मारली, चला, आकाश मोकळं झालं.

प्रत्येकाला एका शिक्षकाच्या पुढे पट्ट्यांनी बांधतात. पॅराशूट त्याच्या पाठीवर असतं. मावशीचा शिक्षक उंचापुरा सरदार होता. विमान वर चढत असताना त्याने तिला विचारलं, "माताजी, डर तो नहीं लग रहा?" ती मला म्हणाली, "त्याला सांग, बोलत ऱ्हा." मी सांगितलं. तो बिचारा घराबद्दल, आईबद्दल, गव्हाबद्दल मोठमोठ्याने बोलत राहिला. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण ती मान हलवत होती. मग दार उघडलं. वाऱ्याने सगळे आवाज पुसून टाकले. दोघं सरकत दाराशी गेले. मावशीने पाय आत मुडपले, मान मागे टाकली. ती दारात होती, आणि मग नव्हती.

माझी पाळी आली तेव्हा मी नको म्हणाले. दोनदा विचारलं त्यांनी, दोनदा नको म्हणाले. विमानात बसूनच खाली आले. पुढे ज्यांनी माझ्या नावाने शब्द दिला होता त्यांना एकेकाला फोन करून मी उडी मारली नाही हे सांगावं लागलं. बहुतेकांनी तरीही पैसे दिले.

मी उतरले तेव्हा मावशी गवतात पाय लांब करून बसली होती. केस मोकळे, डोळ्यांच्या कडांतून आलेलं पाणी कानांपर्यंत सुकलेलं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बसून आलीस? बरं केलंस. तुझ्या अंगानं न्हाई म्हटलं, तू ऐकलंस."

मी तिच्याजवळ बसले. तिनेच सुरू केलं.

"येळ लागतो, पोरी. लई येळ लागतो. पाळण्यातल्यावानी नुसतं असतंय माणूस. पडतोय असं वाटतच न्हाई. वारा तेवढा वरडत असतो." तिने मोकळे केस मागे सारले. "माणूस काय दिसला न्हाई मला. लई उंच व्हतं. तवा त्यांना मी दिसले का न्हाई, ते न्हाई सांगता यायचं. पण पडताना दुखत न्हाई. तेवढं खरं बोलत व्हते."

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं लावून जी झोपली ती पुण्यापर्यंत. मंचरच्या स्टँडवर पांडुरंग आला होता. ती त्याला बाजूला घेऊन बराच वेळ बोलली. काय ते मी ऐकलं नाही. तो खाली बघत ऐकत होता, आणि शेवटी त्याने बाहीने तोंड पुसलं.

खोली झाली. मावशी मग तिथेच कामाला राहिली, सहा वर्षं. दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. अंत्यविधीला मी तिच्या वाडीवर गेले तेव्हा आमचे तीन पेशंट चाकांच्या खुर्च्यांसकट टेम्पोत बसून आले होते.

तिची आठवण निघाली की मला एक दुपार हमखास आठवते. लांबच्या वाडीतला एक तरुण झाडावरून पडून आमच्याकडे आला होता. त्याची बायको दोन दिवस खोलीत पाऊल टाकत नव्हती. बाहेर पायरीवर बसून राहायची. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. ती मान वर करीना. मावशी तिच्या शेजारी जाऊन बसली.

"तू कुठं व्हतीस तवा?"

"खालीच," ती बाई म्हणाली. मग म्हणाली, "मीच धाडलं व्हतं वर."

मावशीने तिला धीर दिला नाही की आत चल म्हटलं नाही. लुगड्यावरचं कुसळ काढत नुसती बसून राहिली.

"मी बी," ती म्हणाली.

त्या बाईने पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दोघी तशाच बसल्या. पायरीवरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं. मग ती बाई उठली, पदर सारखा केला. "त्यांना तहान लागली असंल," असं काहीसं पुटपुटली आणि आत गेली.

मावशी तिच्यामागून कोमट तेलाची वाटी घेऊन गेली.