पाकीट फोडायचं नाही

सुरतेच्या साडी मार्केटातल्या एका पेढीवर मी सहा वर्षं नोकरी केली. माझ्या कार्डावर 'विक्री-विकास अधिकारी' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, आणि विकास करण्यासाठी मला एक लुना आणि रेक्झिनची बॅग मिळाली होती. डिंडोली, बमरोली भागात घरबसल्या साड्या विकणाऱ्या बायका आणि चार-दोन लहान दुकानं माझ्याकडे होती. आठवड्यातून एकदा प्रत्येकाकडे जायचं, नवे नमुने दाखवायचे, कॅलेंडर आणि पाट्या द्यायच्या, आणि माल जास्त कसा खपेल ते शिकवायचं. मी स्वतः आयुष्यात एकही साडी विकलेली नव्हती. शिकवणाऱ्याला तशी अट कुठेच नसते.

माझ्या वीस-बावीस विक्रेत्यांत डिंडोलीच्या एक ताई होत्या. धुळ्याकडच्या, पस्तिशीच्या. नवरा लूमवर बारा तासांची पाळी करायचा. माझं घर लातूरकडचं, त्यामुळे माझ्याशी त्या जपून मराठी बोलायला लागायच्या आणि दोन वाक्यांत अहिराणीवर यायच्या. मला भाऊ म्हणायच्या.

त्यांची विकायची रीत कोणत्याही पुस्तकात बसणारी नव्हती. माल आला की प्रत्येक प्रकारातली एक साडी त्या उलगडायच्या, सोड्याच्या पाण्यात भिजवून चांगली आपटून धुवायच्या आणि दारासमोर, घराच्या खिळ्यापासून विजेच्या खांबापर्यंत बांधलेल्या दोरीवर वाळत घालायच्या. दिवसभर ती साडी गल्लीच्या मालकीची असायची. येणारी-जाणारी बाई बोटं ओली करून पदर चोळायची आणि बोटं बघायची. शेवटचा निकाल समोरच्या घरातल्या मावशींचा. मावशींनी बोटं बघून मान हलवली की संध्याकाळपर्यंत दहा साड्या जात. बोटांना रंग लागला, तर तो सगळा प्रकार ताई मला परत द्यायच्या. "ही फसवी शे, भाऊ. न्या." धुतलेली साडी त्या स्वतः नेसायच्या. त्यामुळे त्यांच्या अंगावर कायम आमचा चांगला माल असे, पण त्याला जाहिरात म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मावशी मला साडीमास्तर म्हणत. लुना गल्लीत शिरली की ओट्यावरून आवाज यायचा, "ऊना बरं साडीमास्तर. आज काय शिकाडस आमले?" मग बायका तोंडाला पदर लावून हसत. मीही हसायचो. तेव्हा मला वाटायचं की मी त्यांना शिकवतो आहे आणि त्या गमतीत घेताहेत.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर दोनेक वर्षांनी शेठजींच्या मनात आधुनिकपणा शिरला. ते मुंबईला कुठल्याशा व्याख्यानाला जाऊन आले आणि त्यांना कळलं की आपल्याकडे विक्रेते नसून एक 'परिवार' आहे. परिवारासाठी त्यांनी सोनेरी चिकटपट्टी लावलेली चकचकीत बंद पाकिटं काढली. पट्टीवर तीन भाषांत 'पक्का रंग' छापलेलं. आणि मला परिवारासाठी मराठीत पुस्तिका लिहायला सांगितलं. बारा पानं, दहा नियम. गिऱ्हाइकाला आधी पाणी विचारावं, महाग साडी आधी दाखवावी, असलं सगळं. चौथा नियम होता, 'पाकीट फोडू नये. बंद पाकीट हाच गिऱ्हाइकाचा विश्वास.' हे वाक्य शेठजींचं नव्हतं, माझं होतं. प्रूफं मी तीनदा तपासली. त्या पुस्तिकेत शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

ताईंना चौथा नियम पटायला महिना लागला. धुतल्याशिवाय सांगू काय बायकांना, हा त्यांचा एकच प्रश्न. मी पट्टीवरची अक्षरं दाखवली, फोडलेल्या पाकिटाची साडी जुनी वाटते हे समजावलं, बमरोलीच्या एका बाईंचा खप बंद पाकिटांनी कसा वाढला ते सांगितलं. शेवटी त्या माझ्या शब्दावर तयार झाल्या. दोरीवर पोरांचे कपडे दिसू लागले. मावशींनी थोडी कुरकुर केली, पण पाकिटं खरंच देखणी होती आणि ताईंनी आजवर कुणाला फसवलं नव्हतं. खप दुप्पट झाला.

त्या हिवाळ्यात परिवाराचं संमेलन झालं. दीपप्रज्वलनाला शेठजींचे व्याही होते. त्यांचं साडीशी नातं एवढंच की त्यांच्या घरात बायका होत्या. पाऊण तास समई पेटेना, कारण पंखे बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मग सर्वोत्तम विक्रेत्या म्हणून ताईंना व्यासपीठावर बोलावलं, जरीची शाल दिली आणि पितळी दिसणारा प्लास्टिकचा कप दिला. भाषण करा म्हटल्यावर त्या माईकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मले भाऊनी शिकाडं." सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. असल्या समारंभांची मी जन्मभर टिंगल केली आहे. त्या दिवशी मात्र मी उठून नमस्कार केला.

आखाजी जवळ आली. बाकीचे लोक तिला अक्षय्य तृतीया म्हणून सोनं घेतात. खानदेशी बायकांसाठी तो माहेरी जाऊन झोक्यावर बसायचा सण. निम्मी डिंडोली पॅसेंजर गाडीत बसून गावाकडे जाते आणि प्रत्येकीच्या पिशवीत कुणासाठी तरी साडी असते. शेठजींनी आखाजीसाठी खास लाल साडी काढली. मी पलसाण्याच्या रंगाई कारखान्यात माल कधी निघेल ते बघायला गेलो होतो. घाई चालली होती. रंगानंतरच्या धुलाईला जेवढा वेळ द्यायचा तेवढा देत नव्हते, हे तिथला रंगमास्तर बोलून गेला. मी एका ताग्यावरून हात फिरवला आणि घाम पुसला. रुमाल गुलाबी झाला. कापड अजून ओलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मला ते पटलंही, कारण मला ते पटायला हवं होतं.

चौथ्या दिवशी पाकिटं घेऊन डिंडोलीला गेलो. ताईंनी एक पाकीट हातात घेतलं, उजेडात धरलं, अंगठ्याने सोनेरी पट्टीवर दोनदा घासलं.

"भाऊ, एक फोडू का? लाल शे."

"नको. नियम तोच आहे."

"तुमनी खात्री शे ना?"

"पेढीची आहे, ताई."

"पेढीनी नही इचारत. तुमनी."

रुमाल माझ्या खिशातच होता. धुतलेला, पण डाग न गेलेला.

"आहे," मी म्हणालो.

मावशींनी दोन घेतल्या. धाकट्या लेकीची लग्नानंतरची पहिली आखाजी होती. लेक माहेरी येणार, लाल साडीत झोक्यावर बसणार, आणि तीच साडी घेऊन सासरी परत जाणार.

पुढचं मला आखाजीनंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मावशींच्या लेकीने सासरी साडी भिजवली. बादली लाल झाली आणि त्याच बादलीत सासऱ्याचं धोतर होतं. सासूने ते धोतर अंगणात सगळ्यांना दिसेल असं वाळत घातलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की सुनेचे आईबाप कापडाच्या गावात राहतात आणि लेकीला चिंधी देतात. तिला नणंदांनी 'सुरती' असं नाव पाडलं. पोरगी सणानंतर आईशी बोलेना. अशा दहा-बारा घरांत कमी-जास्त तेच झालं.

पुढच्या फेरीला मी गल्लीत शिरलो तेव्हा लांबूनच ताईंची दोरी भरलेली दिसली. खिळ्यापासून खांबापर्यंत साड्या. मला वाटलं, त्यांनी पुन्हा धुवायला सुरुवात केली. जवळ गेल्यावर कळलं. त्या सगळ्या त्याच साड्या होत्या, कुठे लाल, कुठे गुलाबी, कुठे विटकरी, ठिपक्याठिपक्यांच्या. गावाहून परतलेल्या बायका एकेक करून आल्या होत्या आणि न बोलता साडी दोरीवर टाकून गेल्या होत्या. पैसे परत कुणी मागितले नाहीत. भांडण कुणी केलं नाही. ओट्यावर मावशी बसल्या होत्या. त्यांनी मला साडीमास्तर म्हटलं नाही. पहिल्यांदाच.

ताई आत भाजी निवडत होत्या. मी माल बदलून देतो म्हणालो, रंगाई कारखान्याबद्दल काही बोललो, रुमालाबद्दल बोललो नाही. मी पुस्तिकेचा, पेढीचा, माझा दोष कबूल करायला तोंड उघडलं तेवढ्यात त्या म्हणाल्या, "फोडाले पाहिजे व्हती मी." एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर मी जरा सुखाने घरी गेलो असतो.

शेठजी वाईट मनुष्य नव्हते. सगळ्या साड्या त्यांनी बदलून दिल्या, चांगल्या धुलाईच्या, तशाच लाल. पाकिटांत नको, सुट्या द्या, असं मी सांगितलं तेही ऐकलं. फक्त पुस्तिका बदलायला नकार दिला, कारण ती छापून झाली होती.

नव्या साड्या देऊन दहाएक दिवसांनी मी गेलो. ताईंनी त्या सगळ्याच्या सगळ्या धुतल्या होत्या. रोज सकाळी दोरीवर घालायच्या, संध्याकाळी काढायच्या, असं चाललं होतं. कुणी न्यायला आलं नव्हतं. संमेलनातला कप दोरीखाली ठेवलेला होता आणि त्यात कपड्यांचे चिमटे होते.

मी उभा असताना मावशी पाण्याची कळशी घेऊन दोरीजवळून जात होत्या. कळशीत बोटं बुडवून त्यांनी एका साडीचा पदर चोळला. सवयीने झालं असावं. बोटं डोळ्यांजवळ नेऊन बघितली. बोटं कोरी होती. ताई दारात उभ्या होत्या, मावशींच्या मानेकडे बघत. मावशींनी बोटं लुगड्याला पुसली, कळशी कमरेवर सावरली आणि घरात गेल्या.

ताईंनी एकेक साडी काढली, कडेला कड लावून घडी घातली आणि सगळा गठ्ठा माझ्या लुनेवर ठेवला.

"तीनदा धुयेल शेत," त्या म्हणाल्या. "रंग पक्का शे, भाऊ. कोनले बी द्या."