हिल्काचं निळं इंजिन

शर्यतीच्या गाडीचं इंजिन रंगवू नये, हे फिनलंडच्या त्या सपाट मुलखात शाळकरी पोरालाही कळतं. गाडी आपली राहील याचाच जिथे भरवसा नाही, तिथे रंगरंगोटी कशाला? शर्यत संपली की ज्याला जी गाडी हवी तिच्यासाठी त्याने चिठ्ठी टाकायची, चिठ्ठ्या जास्त आल्या तर त्यांतली एक उचलायची, आणि ज्याचं नाव निघेल त्याला मालकाने ठरलेल्या क्षुल्लक किमतीत गाडी मुकाट्याने देऊन टाकायची, असा नियम. पैसेवाल्यांनी महागडी इंजिनं बसवून बाकीच्यांना धूळ चारू नये, म्हणून केलेला. नाही म्हणाल तर शर्यतीचा परवाना जातो.

तरी हिल्का लुओमाने इंजिन रंगवलं. ट्रॅक्टरचा निळा रंग उरला होता, त्याचे चांगले दोन हात दिले.

हिल्का गाईंच्या घरात वाढली आणि पुढे जन्मभर दुधाचा टँकर चालवत राहिली. बर्फात रुतलेला टँकर ती शिवी न देता बाहेर काढायची. शिव्या तो बाहेर आल्यावर. घरच्या गाई विकल्या, गोठा रिकामा झाला, तेव्हा तिने तिथे एक जुनी मोटार आणून उभी केली आणि पन्नाशीच्या तोंडावर बायकांच्या गटात शर्यतीला उतरली. नवरा राइनो तळ्यावर मासे धरत बसे. घरात तेलाचा वास येतो, एवढीच त्याची तक्रार होती.

त्यानंतर तिच्या कितीतरी गाड्या चिठ्ठीत गेल्या. कितीतरी दुसऱ्यांच्या तिने तशाच चिठ्ठीने मिळवून आणल्या. गेलेल्या गाडीसाठी तिने कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ही मात्र वेगळी निघाली. आख्खा हिवाळा तिने या इंजिनावर घालवला. हेड घासून दाब वाढवला, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारी कॅमशाफ्ट बसवली, मोठा कार्बोरेटर आणला. एकेक सुटा भाग स्वतः धुतला, जुळवला, आणि मग तो रंग. शेजारी ओलावी डोकावला आणि म्हणाला, "हिल्का, हे लक्षण बरं नव्हे." तिने ऐकलं नाही.

वसंतात गाडी गोठ्याबाहेर काढली आणि रडकथा सुरू झाली. उभ्या जागी इंजिन थरथरायचं, पेडल दाबलं की कार्बोरेटरमधून फाटकन शिंकायचं, वेग वाढला की मधेच ठोके गाळायचं. एवढे बदल एकदम केल्यावर दोष कशाला द्यायचा? हिल्काने नव्या कार्बोरेटरला दिला. कोणीही तेच केलं असतं. पेट्रोल सोडणारे त्याचे जेट बदलून पेट्रोल वाढवलं. इंजिन कुठून हवा ओढतंय का ते पाहिलं. व्हॉल्व्हची फट पुन्हा मोजली. स्पार्क प्लग, कॉइल, वायरी, सगळं नवं घातलं. ठिणगी वेळेवर पडते का तेही दिवा लावून तपासलं, पडत होती. प्रत्येक उपायाने जरा बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. इंजिन चालू करताना स्टार्टरही कुंथायचा, पण बॅटरी जुनी म्हणून तिने तिकडे काणाडोळा केला.

मोसमातली पहिली शर्यत खडीच्या खाणीतल्या ट्रॅकवर होती. पहिल्याच फेरीत गाडी खोकत, ठेचकाळत शेवटून दुसरी आली. लोक हसले. निळं इंजिन बघायला आलेल्या दोघी नाक मुरडून निघून गेल्या.

ओलावी कॉफीचा पेला घेऊन आला. "चांगलंच झालं की. असल्या दमेकऱ्याला कोण चिठ्ठी टाकणार? म्हातारपणापर्यंत तुझ्यापाशीच राहील."

बोलणं हिल्काला लागलं. कारण तिच्याही मनात तेच आलं होतं.

अंतिम फेरी सगळ्यांनाच खुली होती; तिच्याआधी हिल्काने बॉनेट उघडलं. ओलावीला स्टार्टर मारायला बसवलं आणि आपण आत वाकली. स्टार्टर कुंथत फिरला. तोल जाऊ नये म्हणून तिने हाताला येईल ते धरलं. ती ॲक्सिलरेटरची केबल होती. हात भाजला.

साधी लोखंडी तार. ती का तापावी? वीज तिच्यातून जात असेल तरच. आणि वीज तिच्यातून का जाईल? जायची वाट बंद असेल म्हणून. इंजिन रबरावर बसलेलं. त्याची वीज बॉडीत परत न्यायला एक जाड पट्टी असते. ती पट्टी हिल्काने इंजिनावर घट्ट आवळली होती, रंगाच्या दोन थरांवर, आणि रंग वीज जाऊ देत नाही. स्टार्टर, ठिणगी, सगळ्यांची वीज या बारक्या तारेतून धडपडत परत जात होती. इंजिन हललं की ठिणगी अशक्त व्हायची.

बोट चोखत ती सरळ उभी राहिली. ओलावीने कारण विचारलं, तिने सांगितलं. तो बराच वेळ हसला आणि मग गंभीर झाला.

"हे बघ, तुला आता कळलंय. पुढच्या हिवाळ्यात रंग खरवड. आज राहू दे तशीच."

"खोकत ठेवून माझी राहिली तर ती घेऊन मी काय करू? पूजा?" हिल्का म्हणाली. "सुरी दे इकडे."

तिने पट्टीखालचा रंग लखलखीत धातू दिसेपर्यंत खरवडला आणि पट्टी पुन्हा आवळली. मग घाईघाईने जुने जेट परत घातले, कारण पेट्रोल वाढवलं होतं ते नसत्या दुखण्यासाठी. स्टार्टर गर्रकन फिरला. इंजिन एका दमात लागलं आणि एका लयीत चालू राहिलं.

ती शेवटच्या ओळीतून सुटली आणि तिसरी आली. पहिली कोण आली ते कोणी विचारलंही नाही. वळणातून बाहेर पडताना ते इंजिन कसं खेचत होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

चिठ्ठ्या भरपूर पडल्या. सातू नावाच्या मुलीचं नाव निघालं. डेअरीत कामाला, दुसऱ्याच मोसमात गाडी चालवणारी.

ओलावी कानाशी येऊन म्हणाला की नाही म्हणून टाक, परवाना गेला तर गेला, वय झालंच आहे. हिल्काने क्षणभर विचार केला. खोटं कशाला बोला, चांगला केला. मग आतली उशी आणि थर्मास काढून घेतला आणि सातूला म्हणाली, "ये गं. थंड असताना दामटायची नाही. तेल ताजं आहे. आणि कुठलीही पट्टी रंगावर लावायची नाही, समजलं?"

"तू रागावलीस का?" सातूने विचारलं.

"रागावलेय. तुझ्यावर नाही. बस आत."

सातू बसली. गाडी लागली आणि खडीवरून हळूहळू निघाली. हिल्का तिथेच उभी राहिली. इतके दिवस ती या इंजिनाच्या मागे बसली होती किंवा वर वाकली होती. लांब उभं राहून ते नीट चालताना तिने कधी ऐकलंच नव्हतं. आवाज भरीव होता, सुरेख होता. आणि त्यात कुठेतरी एक बारीक टकटक होती.

तिने हात वर करून गाडी थांबवली, चालत गेली आणि खिडकीत वाकली. "तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह सैल वाजतोय. गार झाल्यावर फट बघ. येत नसेल तर रविवारी गोठ्यावर घेऊन ये."