वेसकराचा मान

सावरगावच्या गढीची लढाई ताराबाईनं लग्नाला बारा वर्षं होऊनही पाहिली नव्हती, आणि पाहायची तिला हौसही नव्हती. तरी दसऱ्यानंतरच्या शनिवारी नवरा आणि दोन पोरींसोबत ती आदिलाबादहून बसमध्ये बसली, तोंड खिडकीकडे करून. ती तामसीच्या शाळेत मास्तरीण, नवरा नागनाथ आदिलाबादच्या जिल्हा कचेरीत जमिनीच्या कागदांचा कारकून. दोघांची सुट्टी क्वचित जुळायची, आणि जुळली तर यानं ती सावरगावावर ओवाळून टाकली, याचाच तिला संताप होता.

"नुसती लढाई बघून येऊ," नागनाथ म्हणाला.

"घोंगडी घेणार नाय ना अंगावर?"

"नाय म्हटलं ना."

"मले नका सांगू. पोरींले सांगा."

त्यानं पोरींना सांगितलं, "नाय घेत." तेवढ्यावर ती गप्प बसली.

सावरगाव मुधोळच्या अलीकडे. कुण्या जमान्यात तिथं रोहिले चालून आले, वेसकरानं, म्हणजे वेशीच्या राखणदारानं, आतून अडसर काढला आणि गढी लुटली गेली, अशी गावाची गोष्ट. खरी की खोटी, कुणी विचारायचं नाही. दर साली अर्धं गाव रोहिले व्हायचं, अर्धं गढीवर चढायचं आणि निर्मलहून रंगवून आणलेल्या लाकडी तलवारींनी दुपारभर लढायचं. लढाई संपली की फितूर वेसकराला घोंगडी पांघरून मैदानात उभं करत आणि बायापोरं त्याला ज्वारीच्या ताटांनी, धांड्यांनी, मारत. वेसकर मात्र सोंग घेतलेला चालत नसे. तो त्या वेसकराच्याच घराण्यातला लागे. ताराबाईचा सासरा भिवाजी तीस वर्षं तिथं पाठ पुढं करत आला होता. मारायचं आणि वर त्याला मान म्हणायचं, ही या गावाची रीत. घरात बुद्धाची मूर्ती ठेवून म्हातारा तिथं जातो कसा, हे तिला कधी कळलं नाही.

घरी पोचले तर भिवाजी तापानं फणफणलेला. आणि चहा व्हायच्या आत भगवंतराव पाटील गल्लीत हजर. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता म्हणाले, "भिवा तं उठत नाय. अन् मान चुकला तं गावाले बरं नाय. नागनाथसाहेब, आता तुमीच."

साहेब हा शब्द ऐकून नागनाथ पाघळलाच.

"ते घेणार नाय घोंगडी," ताराबाई म्हणाली.

"मी बाईमाणसाले विचारून राह्यलो का?" पाटील तिच्याकडे न बघता म्हणाले आणि निघून गेले.

रात्रभर तिनं नवऱ्याशी भांडण केलं. त्याचं एकच पालुपद. "मले कोण मारते? शेताच्या पहाणीच्या नकलेसाठी हेच लोक माझ्या टेबलापुढं हात जोडून उभे राह्यतात. धांडा टेकवतील अन् सोडतील. तू काऊन एवढी चिडून राह्यली?"

गाढव माणूस. टेबलापुढं हात जोडून उभं राहणाऱ्याच्या पोटात काय शिजतं, हे शाळेत साहेबांपुढं उभी राहून तिला चांगलं ठाऊक होतं. त्याला ते बारा वर्षं खुर्चीवर बसूनही कळलं नव्हतं.

रविवारी लढाई रंगली. तलवारी खटखटल्या, रोहिले पडले, उठले, बिड्या ओढून पुन्हा पडले. पोरी खिदळत होत्या. मग ताशा वाजला आणि नागनाथ घोंगडी पांघरून मैदानात आला. खाली इस्त्रीची पॅन्ट तशीच होती. थोरलीचं हसू थांबलं.

"आई, बाबा तं नाय म्हणले होते."

पाटलीण जयवंताबाईंनी पहिला धांडा टेकवला. मग बाया आल्या, आणि हात जड होत गेले. कुणीतरी धाकटीच्याही हाती धांडा दिला. ताराबाईनं तो हिसकावला तेव्हा तिच्या तळव्याला रस लागला. धांडा ओला होता, सकाळीच शेतातून कापलेला. तेवढ्यात पाटलांचा तरणा लेक दौलत पुढं झाला. तो ना बाई, ना पोर.

"कचेरीच्या तीन चकरा मारायले लावल्या व्हत्या ना, साहेब?" म्हणत त्यानं हाणला. "ही पहिली."

लोक हसले. दुसरा पाठीवर, तिसरा तोंडावर. ताराबाई धावली आणि दौलतचा धांडा तिनं मधेच धरला.

"तारा, जा, बस तिकडं," घोंगडीतून नागनाथच म्हणाला. "मान हाय आपला."

त्या घडीला तिला दौलतपेक्षा नवऱ्याचा तिटकारा आला.

पाटलांनी त्याच्या डोक्याला फेटा बांधला, हाती नारळ दिला. फुटल्या ओठानं तो हसत घरी आला. "खेळ हाय तो, त्याचं काय एवढं," तो बापाच्या खाटेपाशी बसत म्हणाला.

"पाठ दाखव," भिवाजी म्हणाला.

"काई नाय झालं, बाबा."

"दाखव."

नागनाथनं शर्ट वर केला. भिवाजीनं बोट वळांवरून फिरवलं. एके ठिकाणी रक्त आलं होतं.

"ओले धांडे व्हते?" त्यानं सुनेला विचारलं.

"ओलेच व्हते, मामाजी."

म्हाताऱ्यानं बोट मागं घेतलं. मग म्हणाला, "माझ्यासाठी जयवंताबाई मागच्या सालचे वाळले काढून ठेवत. पाठीले लागला का मोडे. तीस वर्सांत एक वळ नाय उठला मले." त्यानं पोराकडे पाहिलं. "तुले त्यायनं खरंच मारलं, बापा."

नागनाथच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा गेलं. त्यानं घाईघाईनं शर्ट खाली ओढला. पण दोन्ही पोरी दारात उभ्या होत्या, आणि त्यांचं सगळं पाहून झालं होतं.