माठावरची पाटी

कराची सोडताना अण्णांनी सगळ्यात आधी काय आवरलं असेल, तर दारावरची पाटी. भांडी नाहीत, देव नाहीत, माझी पुस्तकं तर नाहीतच. रणछोड लाइनमधल्या आमच्या बिऱ्हाडाच्या दारावर 'वा. रा. खरे' अशी पितळी पाटी होती आणि दर दिवाळीला अण्णा, म्हणजे माझे वडील, चिंच लावून ती स्वतः घासत. त्या सकाळी ते स्टुलावर चढले आणि स्क्रू काढायला लागले. खाली उंटगाडी उभी, गाडीवान घाई करतोय, आई जिन्यातून हाका मारतेय, "अहो, चला ना, बोट काय आपल्यासाठी थांबणार आहे?" शेवटचा स्क्रू गंजलेला, तो काही केल्या निघेना. अख्खं घरदार एका स्क्रूपायी खोळंबलं. निघाला एकदाचा. पाटी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी गेली आणि दारावर स्क्रूची भोकं तेवढी राहिली. किमाडी बंदर येईपर्यंत अण्णा त्या ट्रंकेवर हात ठेवून बसले.

शालू, तू शाळेत माझ्या बाकावरची. तुझं बिऱ्हाड त्याच सुमाराला बडोद्याला गेलं. आणि कमळाबाई, तुम्ही आमच्या खालच्या मजल्यावरच्या. तुमच्या यजमानांनी जायचं नाही असं ठरवलं आणि तुम्ही तिथेच राहिलात. तुम्हा दोघींसाठी हे लिहितेय. एकीने माझ्यासारखं घर बदललं, दुसरीने नाही, आणि मला दोघींचाही हेवा वाटलेला आहे.

पाटी का काढली ते तुम्हाला ठाऊक आहे, पण इतकी वर्षं आपण कुणी ते उच्चारलं नाही. फाळणी झाल्यावर सगळे निघा निघा म्हणत होते तेव्हा अण्णांचं एकच पालुपद असायचं, "सरकार आहे ना!" राज्य बदललं म्हणून काय झालं, नवं सरकारही सरकारच, आपण कर भरतो, ते आपल्याला राखील. मग तो जानेवारीतला दिवस उजाडला. समोरच्या घरावर जमाव आला, त्यांची दारं फोडली, सामान रस्त्यावर आलं. कोपऱ्यावर बंदूकवाला शिपाई उभा होता. अण्णा गच्चीतून ओरडून त्याला हाका मारत होते. त्याने एकदा वर पाहिलं आणि सावकाश तोंड भिंतीकडे फिरवलं. जमावापेक्षा मला ते फिरलेलं तोंड जास्त आठवतं. अण्णांनाही तेच लागलं असणार, कारण त्यानंतर 'सरकार आहे ना' हे शब्द आमच्या घरातून गेले ते गेलेच.

मुंबईत उतरलो आणि फिरत फिरत मुलुंडला येऊन पडलो. पडलो म्हणते खरी, पण पडलो ते बरं पडलो. चाळीत दोन खोल्या मिळाल्या, अण्णांना गोदीत कारकुनी मिळाली. कराचीच्या वाळूत आईने कधी धड मेथी पाहिली नव्हती. इथे डोंगराच्या बाजूने बायका पाट्या भरभरून भाजी घेऊन दारात यायच्या. "अगो, ही तर फुकटच देते!" म्हणून ती इतकी भाजी घ्यायची की आम्ही खाऊन खाऊन हिरवे व्हायचो. डास मात्र हत्तीएवढे. मी पाव मागायला गेले की अजून 'डबलरोटी' म्हणायची आणि दुकानातले सगळे हसायचे. मीही हसायची. मला मुलुंड आवडायला लागलं, हे मी अण्णांना बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

पाटी मात्र लागली नाही. आईने एकदा विचारलं तर अण्णा म्हणाले, "ज्याला यायचंय तो विचारत येईल." झालं. पोस्टमन आमची पत्रं शेजारच्या गावकर मास्तरांकडे टाकायचा आणि मास्तरांची आमच्याकडे. शालू, तू पहिल्यांदा आलीस तेव्हा चाळीतल्या किती दारांवर थापा मारल्यास आठवतंय? आलीस ती तणतणतच, "काय गं, चोर आहात का तुम्ही, नाव लपवायला?" अण्णा पेपरात तोंड घालून बसले होते. आणि शेवटी आईने, वस्तू वाया जाऊ द्यायची नाही या तिच्या बाण्याला जागून, ती पाटी पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवली, नावाची बाजू खाली करून. मी म्हणायची, "आपण सगळे अण्णांच्या नावानं पाणी पितो." अण्णांना त्यावर हसू आलं नाही.

आमच्या चाळीखाली वेलजीभाईंचं किराणा दुकान होतं. वेलजीभाई कच्छचे. कराचीत अर्धा बाजार कच्छी, त्यामुळे अण्णांना ती बोली तोंडपाठ. पहिल्याच दिवशी अण्णा त्यांच्याशी कच्छीत बोलले आणि वेलजीभाईंच्या हातातली तागडी तशीच लोंबकळत राहिली. तेव्हापासून संध्याकाळी गोदीतून आले की अण्णा आधी दुकानाच्या पायरीवर टेकायचे, मग वर यायचे. आई म्हणायची, "चहा इथे होतो आणि गप्पा तिथे होतात."

मग छप्पन्न सालचा जानेवारी आला. मुंबई कुणाची यावरून शहर पेटलं. शालू, बडोद्यात तुम्ही वाचलंच असेल. मुंबई महाराष्ट्राची, यात आमच्या घरात दुमत नव्हतं. शहरात गोळीबार झाल्याचं छापून आलं तेव्हा अण्णांनी पेपर चोळामोळा करून फेकला आणि सरकारला अशा काही शिव्या दिल्या की आईने खिडकी लावून घेतली. पण त्याच दिवसांत गुजराती दुकानांवर दगड पडायला लागले होते. आमच्या बाजूला अजून काही झालं नव्हतं. एका दुपारी मी शाळेतून शिकवून घरी येत होते, तर वेलजीभाई दुकानाच्या फळ्या लावून स्टुलावर चढले होते आणि वरचा पत्र्याचा बोर्ड काढत होते. खिळे घट्ट बसलेले. खाली त्यांची बायको बोर्ड झेलायला हात वर करून उभी.

अण्णा त्या दिवशी गोदीतल्या संपामुळे घरीच होते. ते गॅलरीतून बघत होते. ते एकदम पांढरे पडलेले मी पाहिले. सदरा चढवला आणि "पोलीस चौकीत जाऊन येतो" म्हणत खाली निघाले. जिन्यात गावकर मास्तरांनी अडवलं. "अण्णानू, तुमी त्यांचो कैवार कित्याक घेतास? आपली माणसां गोळ्ये खातंत थंय."

"मास्तर, त्या गोळ्यांसाठी मी सरकारला तुमच्यापेक्षा जास्त शिव्या घातल्यात," अण्णा म्हणाले. "पण गोळी घालणारं सरकार वेगळं आणि राखण करणारं वेगळं, असं नसतं हो. एकाच सरकारला शिव्या द्यायच्या आणि त्याच्याकडूनच राखण मागायची, दोन्ही करावं लागतं."

आईने मला मागे पिटाळलं, "जा गं बरोबर, भडकले की त्यांचं बोलणं सुटतं." पोलीस चौकीत फौजदार दमून गेले होते, डोळे लाल. अण्णांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही मराठी ना? मग तुम्हाला कोण हात लावतंय? जा घरी."

"मला नाही लावणार, म्हणूनच मी येऊ शकलो," अण्णा म्हणाले. "ज्याला लावतील तो तुमच्यापर्यंत यायला घाबरतोय."

"अहो, माणसं कुठून आणू? सगळी शहरात पाठवलीत."

"एक द्या. एकच द्या. पण तोंड न फिरवणारा द्या."

फौजदारांना ते कळलं नसावं. मला कळलं, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते. अण्णा बाकावर ठाण मांडून बसले. हटवादी माणूस, कराचीच्या एका स्क्रूशीही हरला नव्हता. शेवटी फौजदारांनी कंटाळून एका हवालदाराला हाक मारली.

हवालदार म्हणजे पोट सुटलेले, मिशा पांढऱ्या, रिटायर व्हायला आलेले. वेलजीभाईंच्या पायरीवर बसले आणि वेलजीभाईंच्या बायकोने दिलेले शेंगदाणे खायला लागले. मी मनात म्हटलं, झाली राखण, हे शेंगदाण्यांची राखण करणार. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसले. चहा घेईनात, आत येईनात.

दिवेलागणीला जमाव आला. फार मोठा नव्हता, पण हातात दगड होते, आणि त्यातले काही चेहरे आमच्याच चाळीतले होते, ते जास्त वाईट. हवालदार उठले. शेंगदाण्यांची टरफलं झटकली, टोपी सारखी केली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "मुंबै मलाबी पायजे," ते म्हणाले. "पर ती काय या फळ्यांमागं ठेवलेली न्हाई. व्हा मागं."

अण्णा जमावाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर हवालदारांच्या मानेवर होती. मागून एक दगड आला आणि हवालदारांच्या खांद्यावर बसला. त्यांनी खांदा चोळला, कचकचीत शिवी हासडली, पण मान हलली नाही. अण्णा उठले, भराभर जिना उतरले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग गावकर मास्तर धोतर सावरत खाली गेले. त्यांना बघून जमावातल्या आमच्या चाळीच्या पोरांनी हातातले दगड गुपचूप गटारात टाकले. बाकीचे थोडा वेळ ओरडले आणि पांगले. दुकानाची एक फळी तेवढी चिरली होती.

अण्णा वर आले, माठावरचं झाकण उचललं, पाणी प्यायले. झाकण परत ठेवायला गेले आणि थांबले. पाटी हातात तशीच, तिच्यावरचं पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं. "सरकार होतं आज," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग आईकडे वळले. "चिंच आहे का गं घरात?"

आई म्हणाली, "आहे, पण आमटीपुरतीच आहे." मग तिने पाटीकडे पाहिलं आणि सगळी चिंच त्यांच्यापुढे ठेवली. त्या दिवशी आम्ही बिनचिंचेची आमटी खाल्ली. बेचव आमटी मला कधी इतकी गोड लागली नव्हती.

पुढे सगळं शांत झाल्यावर वेलजीभाईंनी आपला बोर्ड परत चढवला आणि हातोडी-पेचकस घेऊन स्वतः वर आले. दाराला भोकं त्यांनी पाडली, स्क्रू अण्णांनी पिळले. आईची कुरकुर चालूच, "आता माझ्या माठावर काय ठेवू?" वेलजीभाईंनी दुकानातून एक ताटली आणून दिली. ती अजून तिथेच आहे.

कमळाबाई, तुमच्या दारावर पाटी आहे का हो? असावी असं फार मनापासून वाटतं. तुमच्या कोपऱ्यावर कुणी उभा असेल तर तो तोंड न फिरवणारा असावा. समुद्राचा वारा, उंटांच्या गळ्यातल्या घंटा, तुमच्या खिडकीतून येणारा फोडणीचा वास, सगळं आठवतं. पण घर कुठलं असं कुणी विचारलं, तर आता मी मुलुंड म्हणते, आणि म्हणताना अडखळत नाही.

शालू, दिवाळीला येशील ना? या खेपेला कुणाची दारं वाजवू नकोस. जिना चढून सरळ वर ये. नाव दारावर आहे.